शेजारधर्म आणि मतपेटी

शिरूर लोकसभा मतदारसंघात जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके येतात. २०१९ साली इथे शिवाजीराव आढळराव पाटील शिवसेनेच्या धनुष्यबाणावर लढले आणि डॉ. अमोल कोल्हे राष्ट्रवादीच्या घड्याळावर. २ जुलै २०२३ रोजी राष्ट्रवादी दुभंगली. २०२४ च्या लोकसभेला तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले, पण या वेळी घड्याळ आढळरावांकडे होते आणि कोल्हे यांच्याकडे तुतारी. ज्या दिलीप वळसे पाटलांशी आढळरावांचे वर्षानुवर्षे हाडवैर मानले जाई, ते आता एकाच बाजूला उभे होते. काही महिन्यांनी विधानसभेला वळसे पाटलांसमोर देवदत्त निकम उभे राहिले. निकम हे एकेकाळचे त्यांचेच सहकारी. ती लढत दीड हजाराच्या आसपास मतांवर सुटली. तिकडे जुन्नरात, २०१४ ला मनसेचे आमदार झालेले शरद सोनवणे २०२४ ला अपक्ष म्हणून निवडून आले.

हे सांगण्यामागे पुढाऱ्यांना दोष देण्याचा हेतू नाही. पक्ष फुटतात, जुळतात, माणसांची मते बदलतात आणि लोकशाहीत तशी मुभा असलीच पाहिजे. मला बोलायचे आहे ते गावाबद्दल. एका निवडणुकीत चिन्हावरून ज्या दोन चुलत भावांचे बोलणे तुटले, त्यांचे नेते पुढच्या निवडणुकीत एका व्यासपीठावर हार घालून घेतात. भावांचे बोलणे मात्र तुटलेलेच राहते. वरच्या समेटाला पत्रकार परिषद असते, खालच्या समेटाला काहीच नसते. आपल्याकडे राजकीय मतभेदाची खरी किंमत विधानसभेत मोजली जात नाही. ती मोजली जाते शेतावर जाणाऱ्या रस्त्यावर, बांधावर, सोसायटीच्या कर्जाच्या यादीत आणि लग्नाच्या पत्रिकेत. ग्रामपंचायतीचा गुलाल उधळला की दुसऱ्या आठवड्यात कुणाच्या तरी उसाच्या ट्रॉलीला वाट बंद होते. ‘तुझ्या पॅनलवाल्यांना सांग रस्ता द्यायला,’ एवढे एक वाक्य पुरते. पुढची पाच वर्षे तो माणूस लांबच्या वळशाने ऊस काढतो आणि त्याची मुले तो वळसा का घ्यायचा ते शिकतात.

अशा ठिकाणी ख्रिस्ती माणसाने कसे वागायचे, असा माझा प्रश्न आहे. जुन्नरमध्ये एकोणिसाव्या शतकातच मिशनचे ठाणे होते, म्हणजे ख्रिस्ती मंडळी इथे कालपरवा आलेली नाही. संख्येने आम्ही थोडे आहोत, पण मतदार आहोत, पॅनलमध्ये आहोत, बाजार समितीच्या आवारात आहोत आणि अर्थातच व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहोत. दर रविवारी उपासनेत आम्ही वैऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा ऐकतो. मात्र हा वैरी म्हणजे कुणी दूरचा, बहुधा दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस, अशी आमची सोयीची समजूत झाली आहे. समोरच्या पॅनलचा माणूस त्या आज्ञेत बसतो, हे पुलपिटावरून फारसे कुणी सांगत नाही. मला वाटते, आजच्या महाराष्ट्रात ती आज्ञा सगळ्यात आधी त्याच माणसाला लागू होते.

येशूने निवडलेल्या बारा जणांची यादी पाहा. त्यात मत्तय आहे, जकातदार. रोमन सत्तेच्या व्यवस्थेत कर गोळा करणारा आणि म्हणून स्वकीयांच्या नजरेत फितूर. त्याच यादीत शिमोन आहे आणि त्याला जिलोत म्हटले आहे. परक्या सत्तेविरुद्ध धुमसणाऱ्या कडव्यांची ती ओळख. हे दोघे एका ताटात जेवले, एका गुरूच्या मागे गालीलच्या धुळीतून चालले. कर भरावा की न भरावा या प्रश्नावर त्यांचे एकमत झाल्याची नोंद शुभवर्तमानात कुठेही नाही. मला ही गप्प राहिलेली नोंद फार मोलाची वाटते. त्यांना एकत्र ठेवणारी गोष्ट एकमत ही नव्हती.

याहून महत्त्वाची जागा लूकच्या शुभवर्तमानात आहे. आपण ती सहसा जोडून वाचत नाही. नवव्या अध्यायात येशू यरुशलेमला निघालेला असताना शोमरोनी लोकांचे एक गाव त्याला मुक्कामाला जागा नाकारते. यहुदी आणि शोमरोनी यांचे भांडण पिढ्यानपिढ्यांचे. खरे मंदिर कोणाचे, खरा डोंगर कोणता, खरे वारस कोण, असे सगळे प्रश्न त्यात गुंतलेले. याकोब आणि योहान संतापतात आणि आकाशातून अग्नी पाडून ते गाव जाळू का, असे विचारतात. येशू त्यांना दटावतो आणि दुसऱ्या गावाची वाट धरतो. पुढच्याच, दहाव्या अध्यायात एक शास्त्री त्याला विचारतो, माझा शेजारी कोण? तेव्हा येशू गोष्ट सांगतो. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या जखमीला याजक ओलांडून जातो, लेवी ओलांडून जातो, आणि एक शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो, उतारशाळेचा खर्च देतो.

ज्यांच्या गावाने नुकताच दरवाजा बंद केला, त्यांच्यातलाच एक माणूस येशूने आपल्या सर्वांत प्रसिद्ध गोष्टीचा नायक केला. तोही स्वकीयांसमोर, स्वकीय याजकाला उणे दाखवून. शोमरोन्यांच्या धर्ममताशी तो सहमत झाला नाही. योहानाच्या शुभवर्तमानात विहिरीवरच्या शोमरोनी बाईला त्याने आपले वेगळे मत स्पष्ट सांगितले आहे. मत सोडायचे नाही, आणि तरी विरोधकाच्या चांगुलपणाची गोष्ट आपल्या लोकांत उभे राहून सांगायची, हा त्याचा धडा आहे. राजकीय विरोधकावरच्या ख्रिस्ती प्रीतीची कसोटी मी इथे मानतो. त्याच्याबद्दल मनात ऊब वाटते की नाही, हा नंतरचा प्रश्न. तो समोर नसताना, आपल्या माणसांच्या बैठकीत, त्याच्याविषयी आपण खरे बोलतो का? त्याने केलेले चांगले काम तोंडातून निघते का?

इथे कुणी म्हणेल, आमच्या भागात माणुसकीला तोटा नाही, वेळ आली की सगळे धावतात. हे अगदी खरे आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला बातमी कळली. १५१ माणसे गेली. त्या चिखलात उतरलेल्या हातांनी कुणाला पक्ष विचारला नाही. आजही मळ्यातल्या वस्तीवर बिबट्या आला की अंधारात बॅटऱ्या घेऊन पळणाऱ्यांत दोन्ही पॅनलची पोरे असतात. या माणुसकीपुढे मी नम्र आहे. तरीही संकटातली मदत ही प्रीतीची अवघड परीक्षा नव्हे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. दरड कोसळते तेव्हा समोरचा माणूस हतबल असतो, आपण देणारे असतो, आणि देणाऱ्याचा मान आपल्याकडे असतो. निवडणुकीत तो माणूस आपल्या बरोबरीचा असतो. तो आपल्याला हरवू शकतो, कधी हरवतोही आणि वर मिरवणूक आपल्या दारावरून काढतो. आज्ञा खरी लागते ती त्या रात्री.

शिवाय राजकीय मतभेद पुष्कळदा गैरसमजातून आलेले नसतात. बसून बोललो की मिटेल, अशी आशा दाखवणारे प्रवचन शेतकऱ्याला पटत नाही, कारण त्याला पाणी ठाऊक असते. कुकडी प्रकल्पाचेच घ्या. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे ही धरणे जुन्नरात आणि घोड नदीवरचे डिंभे आंबेगावात. यांचे पाणी कालव्यांनी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. डिंभ्यातून माणिकडोहकडे बोगदा काढायचा की नाही, हा गेल्या काही वर्षांतला इथला सर्वांत धगधगता प्रश्न आहे. बोगदा झाला तर डिंभे रिकामे होईल आणि आंबेगाव उन्हाळ्यात कोरडा पडेल, अशी इथली भीती. वळसे पाटलांनी आपल्या २०२३ च्या राजकीय निर्णयामागे हेही एक कारण सांगितले आहे. उलट कालव्याच्या टोकाच्या शेतकऱ्याची तक्रार अशी, की आवर्तन सुटते पण त्याच्या शेतापर्यंत पोचत नाही, आणि प्रकल्प तर त्याच्याही नावाने उभा राहिला होता. दोन्ही बाजूंची माणसे शहाणी आहेत, दोघांनाही पोरे आहेत, दोघांच्याही विहिरी तळाला गेल्या आहेत. पाणी मात्र एकच आहे.

अशा ठिकाणी प्रीतीचा अर्थ आंबेगावच्या ख्रिस्ती शेतकऱ्याने बोगद्याला पाठिंबा द्यावा, असा होत नाही. त्याने आपल्या तालुक्याची बाजू मांडावी, मोर्चाला जावे, पाण्याचा हिशेब मागावा. त्याला मना आहे ती एकच गोष्ट: टोकाचा शेतकरी माणूसच नाही, असे समजून बोलणे. ‘त्यांना पाणी म्हणजे उसाचे चोचले,’ असे तो म्हणू लागला आणि तिकडच्या पिण्याच्या टँकरची गोष्ट त्याने मुद्दाम दाबली, तर त्याचा मुद्दा कितीही बरोबर असला तरी आज्ञा मोडली गेली. शेजारी कोण, या शास्त्र्याच्या प्रश्नाचे कुकडीच्या खोऱ्यातले उत्तर कालव्याच्या टेलला राहते. त्याच्याशी भांडताही येते आणि भांडताना त्याचे म्हणणे पुरेपूर, त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत मांडताही येते. हे करणारा माणूस आपल्या बाजूच्या बैठकीत अप्रिय होतो, हे मान्य. वधस्तंभ उचलण्याची भाषा करणाऱ्यांनी एवढी अप्रियता सोसायला हरकत नसावी.

आता जिभेबद्दल, किंवा खरे तर अंगठ्याबद्दल. दहा आज्ञांमध्ये शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, अशी एक आज्ञा आहे. लहानपणी ती आम्हाला कोर्टकचेरीपुरती वाटायची. आज ती दिवसातून कितीतरी वेळा मोडली जाते आणि मोडणाऱ्याला कळतही नाही. समोरच्या उमेदवाराच्या भाषणातला अर्धा तुकडा, मागचापुढचा संदर्भ कापलेला, आपल्याकडे येतो. तो खरा आहे की नाही हे बघायला दोन मिनिटे लागतात, पुढे पाठवायला एक क्षण. सकाळी त्याच फोनवरून वचन पाठवलेले असते आणि दुपारी हा तुकडा. मंडळीतल्या कुणाला हे विसंगत वाटत नाही. ज्याने खात्री न करता असा तुकडा पुढे ढकलला त्याने खोटी साक्ष दिली, असे पाळकांनी स्पष्ट म्हणावे, अशी माझी अपेक्षा आहे. मग तो तुकडा आम्हाला न आवडणाऱ्या नेत्याविरुद्ध असो, किंवा ख्रिस्ती समाजाच्या भल्याचा असल्याचा दावा करत असो. आमच्याबद्दल खोटे पसरवले जाते तेव्हा आम्ही कळवळून निषेध करतो. त्या निषेधाला वजन यायचे असेल, तर आमच्या फोनमधून निघणाऱ्या खोट्याचा बंदोबस्त आम्हीच आधी केला पाहिजे.

विरोधकाबद्दल खरे बोलण्याचे उदाहरण शोधायला आम्हाला परदेशात जावे लागत नाही, आणि ते देणारा ख्रिस्तीच असला पाहिजे असेही नाही. १८८० च्या दशकात जुन्नर भाग सत्यशोधक चळवळीने ढवळून निघाला होता. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी ब्राह्मण पुरोहिताला न बोलावता घरचे लग्न लावले, ग्रामजोशांनी आपल्या हक्कासाठी दावा ठोकला आणि तो मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याच दशकात इथल्या कुळांनी सावकारांच्या जमिनी कसायला नकार दिला. या सगळ्यामागे जोतीराव फुले उभे होते. पुरोहितशाहीवर त्यांच्याइतका कठोर प्रहार करणारा दुसरा माणूस त्या काळात दाखवता येणार नाही. याच जोतीरावांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’ काढला आणि त्यात पाठराखण केली ती पंडिता रमाबाईंची. रमाबाई जन्माने चित्पावन ब्राह्मण, संस्कृत पंडिता, आणि १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेल्या. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनच्या शाळेत शिकले, बाबा पदमनजींसारख्या ख्रिस्ती माणसाशी स्नेह ठेवला, पण बाप्तिस्मा घेतला नाही. पुण्यातले सुधारकही रमाबाईंवर तुटून पडले असताना, जिच्या जातीशी त्यांचा उभा दावा आणि जिचा नवा धर्म त्यांनी स्वीकारलेला नाही, अशा बाईच्या बाजूने ते लिहिते झाले, कारण तिच्या बाबतीत न्याय काय ते त्यांना दिसत होते. मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त तर त्यांनी एकाच घरात वेगवेगळे धर्म पाळणारी माणसे प्रेमाने नांदतील असे कुटुंब कल्पिले आहे. आज एका घरात दोन पक्ष नांदणे आम्हाला जड जाते. अशा वेळी ख्रिस्ती नसलेल्या या माणसाकडून ख्रिस्ती मंडळीने धडा घ्यायला काहीच कमीपणा नाही.

एकत्र बसून खाण्यापिण्याची गोष्टही त्याच काळातली. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी शहरातली मातब्बर मंडळी गेली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. यजमानांनी चहा-बिस्किटे पुढे केली. कुणी घेतली, कुणी नुसता पेल्याला हात लावला. गोपाळराव जोशांनी ती यादी ‘पुणे वैभव’मधून छापून आणली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, आणि रानडे काय, टिळक काय, दोघांनाही प्रायश्चित्ताच्या वाटेने जावे लागले. रानडे आणि टिळक एकमेकांचे राजकीय प्रतिस्पर्धी, मिशनरी दोघांच्याही दृष्टीने परके, आणि एके दिवशी हे सगळे एका छपराखाली बसले होते. समाजाने शिक्षा केली ती त्या बसण्याची.

जातीचे ते ग्रामण्य आता कायद्याने मेले आहे. पक्षाचे मात्र जिवंत आहे आणि आम्ही सगळे ते पाळतो आहोत. विरोधी पॅनलच्या सरपंचाने घातलेल्या मांडवात जेवला म्हणून कार्यकर्त्याला जाब विचारला जातो. दशक्रियेच्या घाटावर माइकवरून श्रद्धांजली वाहणाऱ्या नेत्यांची नावे कोणत्या क्रमाने घेतली, यावरून मृताच्या घरी रुसवे होतात. आई गेलेली असते आणि मुलगा सूत्रसंचालकाला चिठ्ठी पाठवत असतो. या दोन तालुक्यांत असा घाट न पाहिलेला वाचक विरळा.

शिवनेरीच्या लेण्यांत एक शिलालेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतला. चित नावाच्या एका यवनाने, म्हणजे ग्रीक वंशाच्या वा त्या ओळखीच्या माणसाने, इथल्या बौद्ध संघाला भोजनमंडप दान दिल्याचे त्यात कोरलेले आहे. शेजारच्या लेण्यांत आणखी यवनांची दाने आहेत, कुठे पाण्याची टाकी, कुठे दर्शनी भाग. परक्या मुलखाशी नाते सांगणाऱ्या माणसाने या डोंगरात लोकांना एकत्र जेवायला जागा करून दिली, ही जुन्नरची अतिशय जुनी कमाई आहे. येशूवर पुन्हा पुन्हा घेतलेला एक आक्षेपही असाच होता, की हा नको त्या माणसांबरोबर जेवतो. प्रभुभोजनाच्या मेजावर दोन वेगळ्या पक्षांना मत देणारी माणसे गुडघे टेकतात, हे खरेच आहे. पण मंदिराबाहेर पडल्यावर ती एकमेकांच्या घरी जेवायला जात नसतील, तर त्या मेजाने आम्हाला काय शिकवले, हे मंडळीने स्वतःला विचारले पाहिजे.

आता यावरचा सर्वांत बळकट आक्षेप. प्रीतीचा उपदेश नेहमी दुबळ्यालाच का? ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने कायदे करावेत, मोर्चे काढावेत, धमक्या द्याव्यात आणि ख्रिस्त्यांनी प्रीती करावी, ही कुठली समता? हा आक्षेप मी हलका मानत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. एकाच वस्तीत, एकाच आजोबांच्या दोन नातवांपैकी एकाला दाखला मिळतो आणि दुसऱ्याला मिळत नाही. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या महादेव कोळी, ठाकर समाजांपर्यंतही धर्मांतरित आदिवासींना यादीतून वगळा ही देशभर चाललेली मागणी पोचतेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने सक्तीच्या धर्मांतराबाबतच्या कायद्याचा विचार करायला समिती नेमली, तेव्हा अनेक ख्रिस्ती घरांत काळजी पसरली. यातल्या प्रत्येक मुद्द्यावर आमच्याविरुद्ध बोलणारा माणूस आमच्याच आळीत राहतो.

त्याच्यावर प्रीती करायची म्हणजे गप्प बसायचे का? येशूची चौकशी चालू असताना एका शिपायाने त्याला चापट मारली. एका गालावर कुणी मारले तर दुसरा पुढे करा म्हणणाऱ्या त्या माणसाने तेव्हा काय केले? त्याने मारणाऱ्याला विचारले, की मी चुकीचे बोललो असेन तर ते दाखव, आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? हात उगारला नाही, मानही खाली घातली नाही. दुसरा गाल आणि हा प्रश्न, दोन्ही मिळून त्याची शिकवण पूर्ण होते. अर्धीच शिकवण सांगणारा पाळक दुबळ्याला अधिक दुबळे करतो. अन्यायाविरुद्ध अर्ज करणे, कोर्टात जाणे, आझाद मैदानावर बसणे आणि मत देऊन सरकार पाडणे हे सगळे प्रीतीच्या आत बसते. अन्याय करणाऱ्याला तसाच करत राहू देण्यात त्याचेही भले नाही.

हे रमाबाईंनी जगून दाखवले. १८९३ साली विधवा मुलींसाठीच्या त्यांच्या शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप झाला, तेव्हा रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि ‘केसरी’ने त्यांच्यावर आग पाखडली. पुण्याने त्यांना टाकलेच होते, असे म्हणायला हरकत नाही. चारच वर्षांनी, १८९७ मध्ये, पुण्यात प्लेग आला आणि सरकारी बंदोबस्तात व इस्पितळात बायकांची जी अवस्था झाली त्याविरुद्ध रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिले. सरकार ख्रिस्ती राजसत्तेचे, त्यांच्या संस्थेला मदत करणारे लोक बरेचसे त्याच वर्तुळातले, आणि गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे जाहीरपणे फेटाळले. ज्या शहराने त्यांना झिडकारले त्याच शहरातल्या मुलींसाठी त्या आपल्याच धर्माच्या सरकारशी भांडल्या. आपला-परका पाहून त्यांनी सत्य वाटले नाही. पुणे जिल्ह्यातल्याच केडगावला त्यांचे मुक्ती मिशन आजही उभे आहे.

आणि क्षमेबद्दल एवढेच, की ती मागून घ्यायची वस्तू नाही. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. खटला मात्र चालला आणि शिक्षाही झाली. क्षमा बाईंची होती, न्याय राज्याचा होता, आणि एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही. त्यांच्या क्षमेकडे बोट दाखवून इतर पीडितांनी गप्प बसावे असे जे सुचवतात, ते त्या बाईंचाही अपमान करतात.

माझे म्हणणे मोठ्या कार्यक्रमाचे नाही. सर्वपक्षीय स्नेहमेळावे भरवून मतभेद मिटत नाहीत. त्यांत हारतुरे होतात आणि फोटो निघतात. बंद रस्ता उघडणे जास्त अवघड आहे. आपल्या बांधावरून ज्याची वाट जाते तो समोरच्या पॅनलचा असेल, तर निवडणुकीनंतरच्या पहिल्या गळीत हंगामात, त्याने मागायच्या आधी, ती वाट मोकळी करून द्यावी. त्याच्या घरच्या मयताला आणि दहाव्याला जावे आणि मागे उभे राहावे, माइक मागू नये. आपल्या बैठकीत कुणी त्याच्याबद्दल न पाहिलेले, न ऐकलेले काही रंगवून सांगू लागला, तर ‘हे खरे नाही, मी त्याला ओळखतो,’ असे म्हणायची हिंमत करावी. आणि पुढच्या वेळी मत पुन्हा त्याच्या विरोधातच द्यावे, ते चुकत नसेल तर.

एक विनंती मात्र मला जुन्नर-आंबेगावच्या, आणि खरे तर महाराष्ट्रातल्या सगळ्याच मंडळ्यांना करायची आहे. पौलाने तीमथ्याला राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितले, आणि ते राजे ख्रिस्ती नव्हते, मित्रही नव्हते. आपल्या उपासनेत देशाच्या पुढाऱ्यांसाठीची प्रार्थना असते, पण ती बिननावाची आणि घाईत उरकलेली असते. निवडणुकीच्या आदल्या रविवारी पाळकांनी मतदारसंघातल्या सर्व प्रमुख उमेदवारांची नावे मोठ्याने घ्यावीत. मंडळीला जो आवडतो त्याचे, जो आवडत नाही त्याचे, आणि आमच्याविरुद्ध जाहीर सभेत बोलून गेलेल्याचेही. प्रत्येकाच्या आरोग्यासाठी, घरच्यांसाठी, आणि त्याच्या हातून न्याय घडावा यासाठी प्रार्थना करावी. ‘आमेन’ म्हणताना ज्या नावावर आपला आवाज अडकेल, त्याच माणसाच्या गावातल्या कार्यकर्त्याकडे आपण त्या आठवड्यात जावे आणि घरी जेवायला बोलवावे.